चुकामूक झाली तर थांबा

बँकॉकला जायचं ठरलं ते मिरचीमुळे. माझा नवरा प्रवीण नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा व्यापार करतो आणि मिरची वाळवायच्या यंत्रांचं एक मोठं प्रदर्शन तिकडे भरणार होतं. तो एकटा "जाऊन येतो" म्हणाला असता तर मी सोडणार होते का त्याला? लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत माझा पासपोर्ट फक्त बँकेत ओळख दाखवायला बाहेर निघाला होता. "मीही येणार," मी जाहीर केलं. स्वयंपाकघरातलं हे बोलणं ओसरीवर बसलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी ऐकलं, आणि हातातला पेपर खाली न करताच विचारलं, "तठे बस शे का?"

बस आहे का, हा आबांचा जगाकडे बघायचा पहिला प्रश्न. उभा जन्म त्यांनी शहादा आगारात कंडक्टर म्हणून काढला. म्हसावदचं आमचं घर रस्त्यालाच आहे, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गाडी वेळेवर गेली की नाही हे त्यांना ओसरीवरून कळतं. एसटी बंद झालेल्या मार्गांवरचे विनंती थांबेही त्यांना तोंडपाठ आहेत. जेवताना विषय निघाला तर ते ओळीने म्हणून दाखवतात आणि मधला एखादा विसरला तर भाजी गार होईपर्यंत आठवत बसतात.

तिकडे बस आहे म्हटल्यावर आबाही यायला तयार झाले. आबांना न्यायचं म्हणजे त्यांची साखर न्यायची. दोन्ही जेवणांआधी इन्सुलिनचं इंजेक्शन, आणि ते घेतलं की अर्ध्या तासाच्या आत जेवण पोटात गेलंच पाहिजे. शिवाय आबा कट्टर शाकाहारी. ज्या चुलीवर मांस शिजतं तिथला चहासुद्धा चालत नाही. सासूबाई गुडघ्यांमुळे येणार नव्हत्या. निघताना त्यांनी आबांच्या औषधांची थंड पिशवी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, "बेटा, त्यासले उपाशी ठेवजो नको." मी हसून मान डोलावली. म्हटलं, त्यात काय मोठंसं?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच घसरलं. मी जुन्नरकडची. सासरी सगळे आपसांत अहिराणी बोलतात. मला ती पूर्ण समजते, पण तोंडातून निघत नाही. आणि सासऱ्यांना अहोजाहो केल्याशिवाय माझी जीभ वळत नाही. प्रवीण बिनधास्त "आबा, उभा ऱ्हाय" म्हणतो. मी म्हणते, "आबा, थांबा."

आम्ही सुरतेहून गेलो. आपल्याकडच्या लोकांना मुंबईपेक्षा सुरत कधीही सोयीची. सकाळी प्रकाशा गावचा तापीवरचा पूल ओलांडून नंदुरबार, मग नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा रस्ता. नवापूरपर्यंत ट्रकांमागे रांगायची तयारी ठेवा, पुढे गाडी पळते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे असं चार दिवस पुरेल एवढं मी बांधून घेतलं होतं. इन्सुलिन घेऊन जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि औषध सामानात टाकू नका, हातातच असू द्या. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, पण हे नियम बदलतात. तुम्ही निघण्याआधी बघून घ्या.

विमानात आबा खिडकीशी. पट्टा कसा लावायचा ते हवाई सुंदरीने दाखवलं, तेव्हा त्यांनी तिला अगदी अदबीने विचारलं, "मधमा कोठे थांबा शे का?"

तिला काही कळलं नाही. मी म्हटलं, "आबा, हे विमान आहे. थेट जातं."

"म्हंजे विनाथांबा," आबा म्हणाले आणि समाधानाने मागे टेकून बसले.

बँकॉकची पहिली ओळख म्हणजे एक भिंत. उष्म्याची. विमानतळावरून शहरात येणारी रेल्वे छान थंडगार आहे, टॅक्सीपेक्षा स्वस्त आणि बेभरवशाची तर अजिबात नाही. पण तिच्यातून उतरून प्रतुनाम भागात पाऊल ठेवलं आणि मी जागच्या जागी थिजले. हा भाग कपड्यांच्या घाऊक बाजाराचा. हॉटेलं परवडणारी म्हणून आम्ही तिथे खोल्या घेतल्या होत्या. डोक्यावर विजेच्या तारांचे हे एवढे गुंते. फूटपाथवर दुकानं, दुकानांपुढे पथाऱ्या, पथाऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या, आणि उरलेल्या वीतभर जागेतून माणसं आणि भाड्याच्या मोटारसायकली सारख्याच हक्काने चाललेल्या. रस्त्यात चार रांगा गाड्यांच्या, त्या हलायला तयार नाहीत. तळलेली मासळी, अत्तर, गटार, भाजलेली केळी, धूर, सगळं एकाच श्वासात. आणि या सगळ्यात एक विचित्र गोष्ट होती, जी काय आहे ते मला कळेना. ती आबांनी ओळखली.

"इतल्या गाड्या शेत," ते म्हणाले, "आन भोंगा एक बी वाजत नही."

खरंच. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण आपल्या लोकांसाठी ते धोक्याचं आहे. आपण कानांनी रस्ता ओलांडणारी माणसं. मागून काहीतरी येतंय हे आपल्याला हॉर्नवरून कळतं. इथे मोटारसायकल अगदी पाठीला चिकटेपर्यंत पत्ता लागत नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा किंचाळले. आबांनी माझ्या पर्सचा पट्टा गच्च धरला आणि हॉटेल येईपर्यंत सोडला नाही. प्रवीण पुढे बॅगा ओढत होता आणि मागे वळून वळून आम्हाला मोजत होता, दोघंच होतो तरी.

"सारंगखेडानी यात्रा आठे फिकी पडी," आबा म्हणाले. आमच्याकडे गर्दीचं शेवटचं माप सारंगखेड्याचं. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा म्हसावदचं अर्धं गाव तिकडे लोटतं.

दुपारी प्रवीण प्रदर्शनाची जागा बघायला गेला आणि आम्ही दोघं जवळच्या कालव्यावर गेलो. या काळ्याकुट्ट पाण्यातून प्रवासी होड्या सुसाट धावतात. लोक कामावर जायला वापरतात, पर्यटकांसाठी नाटक नाही. होडी धक्क्याला नीट लागतही नाही तोवर उड्या मारून चढायचं. आबांना मी कसं चढवलं ते मला विचारू नका. पण आत बसल्यावर पाहिलं तर तिकिटं देणारा माणूस डोक्याला हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या काठावरून चालत होता. एका हाताने दोर धरलेला, दुसऱ्याने पैसे घेतोय, आणि पूल आला की बेडकासारखा खाली बसतोय.

आबांचे डोळे चमकले. "कंडक्टर शे तो!" त्यांनी मला कोपराने ढोसलं. परत येईपर्यंत ते शहराकडे बघत नव्हते, त्या माणसाकडेच बघत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, रमले एकदाचे.

दुसऱ्या दिवशी प्रवीण सकाळीच प्रदर्शनात गेला. मी आणि आबांनी पाहुरतला जायचं ठरवलं. हा तिथला कापडबाजार. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पंजाबी लोक, साड्या, मसाले, आणि मुख्य म्हणजे भारतीय जेवण. त्याला लागूनच चिनी वस्ती. आबांचं जेवण तिथेच करू, असा माझा बेत. दशम्यांचा डबा म्हणूनच मी हॉटेलवर ठेवला. पर्समध्ये इन्सुलिन, पाण्याची बाटली आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा.

गेलो लाल बसने. तुम्ही गेलात तर एकदा तरी या बसने जाच. खिडक्या उघड्या, पंखा गरगरतो, लाकडी फळ्यांचा तळ, आणि तिकीट आपल्याकडच्या वडापावापेक्षा फार नाही. कंडक्टर बाई होती, पन्नाशीची. तिच्या हातात एक लांब पत्र्याची नळी. तिच्यात तिकिटांची गुंडाळी आणि नाणी. नळीचं झाकण ती सारखं उघडमीट करायची, टक् टक् टक् टक्. तो आवाज आला की लोक आपोआप पैसे काढत. आबा ताठ बसले. त्यांच्या काळी ते तिकीट पंच करायच्या चिमट्याने असाच टकटकाट करत बसमधून फिरायचे, हे मला प्रवीणने सांगितलेलं होतं. मी बाईला शंभराची नोट दिली. तिने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला.

"सुट्टा नही तिन्हाजोडे," आबा तिच्या बाजूने म्हणाले. तिने कसेबसे सुटे मोजून माझ्या हातावर ठेवले, तेव्हा त्यांनी हात पुढे केला. "सुट्टा मन्हाजोडे दे, बेटा. तू हारपाडशी." नाण्यांची मूठ त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली.

उतरलो तो रस्ता म्हणजे कालच्या प्रतुनामचा थोरला भाऊ. लाल-सोनेरी पाट्यांची सराफी दुकानं, हातगाड्या, टुकटुक रिक्षा, माणसंच माणसं. इथे माणूस हरवला तर? आबांकडे इथलं सिमकार्ड नाही, इंग्रजी येत नाही, हॉटेलचं नाव त्यांना धड उच्चारता येत नाही. बस अजून मागे घरघरत होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, चुकामूक झाली तर थांबा! कळलं?"

आबांनी मान वर केली. खांबावरची पाटी पाहिली. बाजूच्या झाडाला रंगीत फडकी गुंडाळलेली होती, ती पाहिली. समोरचं दुकान पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "बरं."

किती लक्ष देऊन ऐकतात, असं माझ्या मनात आलं.

पाहुरतमधलं जेवणाचं ठिकाण सापडायला वेळ लागला. जिना चढून छोटंसं हॉटेल, आत हिंदी गाणी, तंदुरी रोटीचा वास. मालक सरदारजी, तोंडभर हसणारे. मी डाळ, भेंडी, रोटी सांगितली, आणि आबांनी कोपऱ्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. परत येऊन बसतात तोच शेजारच्या टेबलावर वाफाळती कोंबडी आली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग सरदारजींना विचारलं, "किचन एकच है क्या?"

"एक ही है जी," ते म्हणाले. "पर बर्तन अलग हैं."

आबा उठले.

"आबा," मी दात आवळून म्हटलं, "सुई टोचून झालीय. डाळ-रोटी खा आणि मग काय तो उपास करा."

"मी आठे खात नही."

"मग पर्समध्ये बिस्किटं आहेत, ती तरी खा."

"रस्तामा खासू. चाल."

राग आला मला, खोटं कशाला बोलू. सरदारजींनी बिचाऱ्यांनी वाईट वाटून न घेता सांगितलं की दोन गल्ल्या पलीकडे निव्वळ शाकाहारी गुजराती जेवण मिळतं, साम्पेंग गल्लीतून गेलात तर लगेच. आम्ही जिना उतरलो. आबा पुढे, मी बिस्किटांचा पुडा शोधत मागे.

साम्पेंग गल्ली ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. दोन माणसं शेजारी चालली की ती भरते. दोन्ही बाजूंना मणी, बटणं, रिबिनी, चपला, खेळणी छतापर्यंत रचलेली, आणि त्या फटीतून मालाच्या हातगाड्या आणि मोटारसायकली जातात, भोंगा न वाजवता. आम्ही शंभरेक पावलं गेलो असू. समोरून कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी आली. मी एका बटणांच्या दुकानात पाय आत घेतला. आबा पुढे सरकले. गाडीमागे आणखी एक गाडी, तिच्यामागे मोटारसायकल, तिच्यामागे अख्खा लोंढा. आबांची पांढरी टोपी दूर जाताना दिसली.

"आबा!" मी ओरडले. "आबा, थांबा! थांबा!"

टोपी वळली. आबांनी मला पाहिलं. हात उंच करून दाखवला, ड्रायव्हरला 'झालं, चला' म्हणून दाखवतात तसा. समजलं, असा तो हात होता. मला हायसं वाटलं. मग मध्ये गाठी आल्या.

मी जीव खाऊन तिथपर्यंत पोचले, तर आबा नव्हते.

पुढच्या चौकापर्यंत गेले, मागे आले. एकेका दुकानात डोकावले. "ओल्ड मॅन, व्हाइट कॅप," असं विचारत सुटले. लोक हसून बटणं दाखवत होते. पुडा माझ्या हातातच होता, फोडलेलासुद्धा नाही.

साखर उतरली की आबांचं काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. रनाळ्याला लग्नात पंगत लांबली होती. आधी ते घामाने भिजले, मग काहीतरीच बोलायला लागले, मग खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकली. तिथे पन्नास ओळखीची माणसं धावली, कुणी साखर आणली, कुणी गाडी काढली. इथे हा माणूस एखाद्या भिंतीला टेकून मान टाकेल, आणि येणारे-जाणारे म्हणतील, म्हातारा झोपलाय. किंवा प्यायलाय. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. सासूबाईंचं ते वाक्य मला आठवलं.

मी धावत सरदारजींकडे परत गेले. आबा तिथे परतले असतील अशी एक वेडी आशा. नव्हते. माझं तोंड बघून सरदारजींनी गल्ला सोडला, एका नोकराला गल्लीत पिटाळलं आणि मला पाणी दिलं. "टूरिस्ट पुलिस को फोन करते हैं, बेटी. पहले घरवाले को बता दो."

घरवाले को. तेच तर मला करायचं नव्हतं. प्रवीणने बाप माझ्यावर सोपवला होता. तरी मी फोन लावला.

"प्रवीण, आबा हरवलेत."

पलीकडे यंत्रांची घरघर. "काय?"

"गर्दीत चुकामूक झाली. इंजेक्शन घेतलंय त्यांनी. जेवलेले नाहीत."

एरवी माझ्याशी नीटनेटकं पुस्तकी बोलणारा माझा नवरा त्या क्षणी अहिराणीत ओरडला. "खादं नही? आन तू काय करी ऱ्हायंती? आबा कोठे शे?"

"मला माहीत असतं तर फोन केला असता का?" मीही ओरडले. सरदारजींनी नजर दुसरीकडे वळवली. "मी सांगून ठेवलं होतं त्यांना. बसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं होतं. आताही गल्लीत ओरडले, त्यांनी हातसुद्धा केला. तरी गेले निघून!"

"काय सांगं तू त्याले?"

"थांबा म्हटलं!"

"कोन्ता थांबा?"

"कोन्ता काय कोन्ता? चुकामूक झाली तर थांबा, एवढंच! थांबा म्हणजे थां..."

आणि ते माझं मलाच ऐकू आलं.

आबांनी वर करून पाहिलेली ती मान. खांबावरची पाटी, झाडाची फडकी, समोरचं दुकान. माणूस ऐकत नव्हता, माणूस थांबा पाठ करत होता! आबा माझ्याहून धाकटे असते, तर मी 'थांब' म्हटलं असतं आणि ते गल्लीत खांबासारखे उभे राहिले असते. नेमका मान दिला आणि माणूस गमावला.

"बसना थांबावर देख!" प्रवीण ओरडला. "मी निंघस आते!"

आता तुम्ही म्हणाल, झालं, सुटलं. कसलं सुटतंय? तो थांबा कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. आबांनी पाठ केला होता, मी नाही. मी तेव्हा गर्दीला घाबरण्यात गुंतले होते. सराफी दुकान म्हणावं तर त्या भागात प्रत्येक दुसरं दुकान लाल-सोनेरी. मी सरदारजींना म्हटलं, "बस स्टॉप. एक पेड़ है, उस पर रंगीन कपड़े बांधे हैं."

"झाडं तर इथे बरीच तशी आहेत," अशा अर्थाचं काहीतरी ते हिंदीत पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, लाल बस? प्रतुनामकडून? आणि माझ्याबरोबर जिना उतरून त्यांनी हाताने दिशा दाखवली. डावीकडे, मोठ्या रस्त्याला लागा, कालव्यावरचा पूल ओलांडा.

मी पळाले. त्या रस्त्यावर कोणी पळत नाही, जागाच नाही. मी लोकांना ढकललं, एका बाईची पिशवी माझ्या धक्क्याने पडली, तिने काहीतरी म्हटलं, मी हात जोडले आणि पुढे गेले. पहिला थांबा आला. झाड नाही. दुसऱ्यावर झाड होतं, फडकी होती, पण समोर सराफाऐवजी औषधांचं दुकान. पाटीवरची अक्षरं मला जिलेब्यांसारखी दिसत होती. इंजेक्शनला अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. मी मनातल्या मनात सारंगखेड्याच्या दत्ताला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. नवस होते, आणि थोडी भांडणंही होती.

मग टक् टक् टक् टक् ऐकू आलं.

रस्त्यापलीकडे एक लाल बस उभी होती. दारात तीच नाही, दुसरीच कोणी कंडक्टर बाई नळी वाजवत होती. बस हलली, आणि तिच्यामागे झाड होतं, फडकी होती, खांब होता आणि खांबाला पाठ लावून पांढरी टोपी उभी होती.

मी कानांनी रस्ता ओलांडला की डोळ्यांनी की देवाच्या भरवशावर, मला माहीत नाही. जवळ गेले तर आबांचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ओठ पांढरे. हात थरथरत होता, पण त्या हातात भाजलेलं अर्धं केळं होतं. थांब्याशेजारी एक म्हातारी शेगडीवर केळी भाजत बसली होती, आणि तिच्या ताटलीत आबांच्या सदऱ्यातली सगळी नाणी मांडलेली होती. तिने त्यातली दोनच उचलली असावीत. बाकीची ती मला खुणेने परत घ्यायला सांगत होती.

"इतला येळ?" आबा म्हणाले. आवाज खोल गेलेला. "तूच सांगं ना, थांबा. मंग मी थांबावर उनू. तू मातर कोठे भटकी ऱ्हायंती?"

मी फूटपाथवरच बसले आणि हमसून हमसून रडले. हो, भर बँकॉकमध्ये. लोक वळसा घालून जात होते. आबांनी शेगडीवरचं एक केळं उचलून माझ्यापुढे धरलं.

"पहिले खाई ले," ते म्हणाले. "मंग रडजो."

मी पुडा फोडला, त्यांना बिस्किटं भरवली, पाणी पाजलं. त्यांनी सांगितलं ते असं. थांब्यावर पोचेपर्यंत पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. पलीकडे एक दुकान दिसत होतं, तिथे बसायला खुर्चीही होती. पण थांबा सोडला तर मी येऊन परत जाईन, म्हणून ते हलले नाहीत. केळं झाडाचं, त्याला कुणाची कढई लागलेली नाही, म्हणून ते खाल्लं. "एक केयं खादं, मंग बरं वाटनं. आपला शहादाना केयांसारखं नही, पन बरं शे."

प्रवीण टॅक्सीतून उतरला तो गळ्यात प्रदर्शनाचा बिल्ला अडकवलेला तसाच. तो बापाला बिलगला नाही, आमच्याकडे तसं करत नाहीत. त्याने फक्त आबांची टोपी सरळ केली. आम्ही तिघंही त्या म्हातारीच्या शेगडीपुढे बराच वेळ उकिडवे बसलो. गंमत म्हणजे त्या वेळी पहिल्यांदा मला ते शहर नीट दिसलं. एवढी गर्दी, पण कोणी कोणावर खेकसत नव्हतं. ती म्हातारी मधूनमधून आबांच्या कपाळाला हात लावून बघत होती.

उरलेले दोन दिवस दशम्यांचा डबा माझ्या पर्समधून हलला नाही. नदीवरची देवळं पाहिली, मोठा बसलेला, आडवा झालेला असे बुद्ध पाहिले, सगळं सुंदर. त्यांची वर्णनं तुम्हाला दुसरीकडे भरपूर मिळतील. माझा सल्ला एवढाच. घरातलं वयस्कर माणूस नेणार असाल तर हॉटेलचं कार्ड त्यांच्या खिशात ठेवा, तिथलं सिम घेऊन द्या, जेवण पुढ्यात आल्याशिवाय सुई टोचू देऊ नका, आणि चुकामूक झाली तर काय करायचं ते त्यांच्या भाषेत सांगा. तुमच्या नाही.

परत आल्यावर सासूबाईंना आम्ही काही सांगणार नव्हतो. आबांनीच पहिल्या जेवणाला सगळं सांगितलं, हसत हसत, आणि माझ्या रडण्याची नक्कलही करून दाखवली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आबांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि माझ्याही. मी अजूनही कधी कधी तो उंच केलेला हात आठवून दचकते. ते समजलं म्हणत होते, आणि त्यांना खरंच समजलं होतं, फक्त दुसरंच काहीतरी. एका घरात अकरा वर्षं राहून आम्ही असं कितीदा केलं असेल, कोण जाणे.

महिन्याभराने सारंगखेड्याची यात्रा भरली. घोड्यांच्या रांगांमध्ये एक उमदं जनावर बिथरलं, माणसं पांगली, आणि मी एकीकडे, प्रवीण दुसरीकडे, आबा तिसरीकडे. फोन लागेना, यात्रेत कधी लागतो? मी घाबरले नाही असं नाही. पण पाय आपोआप निघाले. पाळणे, भांड्यांची दुकानं मागे टाकत मी गावाबाहेर आले. तिथे यात्रेपुरता एसटीचा थांबा केलेला असतो. बांबूचा खांब, त्यावर पाटी.

आबा नव्हते. मी खांबाशी उभी राहिले. शहाद्याची गाडी भरून गेली. मग दोंडाईच्याची गेली. आबांनी जेवण केलं होतं ना, हे मी तीनदा मनात तपासलं. आणि मग धुळीतून, माणसांच्या डोक्यांवरून, एक हात वर आलेला दिसला. तसाच. खाली पांढरी टोपी.

ते येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. पिशवीतून केळी काढली, एक मला दिलं, एक स्वतः सोललं. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एकदाचा लागला होता. "तुम्ही दोघं आहात कुठे?" प्रवीण वैतागून विचारत होता. मी उत्तर देणार, तर आबांनी माझ्या हातातून फोन घेतला, तोंडातला घास गिळला आणि एकच शब्द बोलले.

"थांबा."

फोन मला परत दिला. कोन्ता थांबा, असं या वेळी प्रवीणने विचारलं नाही. तो सरळ आला.